एनिमाच्या डब्याचा जळफळाट

मी एक जुना एनिमाचा डबा आहे. हसलात ना? हसून घ्या, मित्रांनो. तोंडाला रुमाल लावा, एकमेकांना कोपरं मारा आणि एकदाचं आटपा. कारण माझी गोष्ट सुरू झाली की मधे खीखी केलेली मला चालत नाही. ज्याचं पोट रोज सकाळी विनातक्रार साफ होतं, त्याला माझी काय किंमत कळणार? ज्याचं होत नाही त्याला जाऊन विचारा.

मला लोखंडाच्या पत्र्यातून ठोकून काढलं, पांढऱ्या एनॅमलमध्ये बुडवलं आणि भट्टीत भाजलं. काठाला निळी रेघ, पाठीला टांगायचं भोक आणि बुडाशी नळी बसवायला एक तोंड. त्याच भट्टीत माझ्या शेजारी चहाचे कप भाजत होते. त्यांच्यावर गुलाबाची फुलं काढली. माझ्यावर कुणी साधं पानसुद्धा काढलं नाही. ते कप ट्रेमध्ये बसून पाहुण्यांसमोर मिरवायला गेले. मी औषधाच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांच्या मागे, जुन्या वर्तमानपत्रात तोंड झाकून बसलो. दुसऱ्याचं बरं बघून जीव खालीवर होतो, तो माझा तेव्हापासूनचा.

एके दिवशी दुकानात एक उंच बाई आल्या. केस पांढरे, कणा ताठ. शाळा दुसरीतच सुटलेली, पण बोलायला लागल्या की वकिलानं फाइल मिटावी.

"एनिमाचा डबा द्या."

औषधवाल्यानं इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला ना आजी, गिऱ्हाइकं आहेत."

"गिऱ्हाइकांना पोटं नाहीत वाटतं? माझ्यासाठी हवाय. म्हातारीला होत नाही. अजून मोठ्यानं सांगू?"

ही आपली मालकीण, असं मला वाटलं. घरी गेल्यावर कळलं की आजी सपशेल खोटं बोलल्या होत्या. त्यांचं पोट घड्याळासारखं चालायचं. मला आणलं होतं ते त्यांच्या पाच वर्षांच्या नातीसाठी.

नातीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. ती जन्मली तेव्हा तिला शी करायची जागाच नव्हती. देवानं नाकडोळे कोरून दिले आणि नेमकं तेवढंच द्यायचं विसरला. अशी बाळं जन्माला येतात, मित्रांनो. त्यात ना आईचं पाप असतं, ना कुणाची नजर. लहान मुलांच्या सर्जननं तिची ऑपरेशनं केली. आधी पोटावर एक तात्पुरतं तोंड काढलं, मग खाली नवी वाट केली, मग पोटावरचं बंद केलं. पोर वाचली. घरात आनंदीआनंद झाला. डॉक्टरांना मिठाई गेली, फुलांचा गुच्छ गेला आणि त्यांनी बाळाला हातात घेतलेला फोटो चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लागला. तो फोटो माझ्या डोळ्यांत आजही खुपतो. कापणाऱ्याचं नाव झालं. पुढची वर्षं निस्तरणाऱ्याचा कुणी पासपोर्टएवढासुद्धा फोटो काढला नाही.

तसे डॉक्टर भले होते, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले होते, "ऑपरेशन छान झालंय. पण दर वर्षी दाखवायला आणा. वाट नवीन आहे, पुढे कशी चालते ते बघत राहावं लागतं." घरच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि मिठाई आणायला पळाले. दुसरं ऐकायला कुणी थांबलंच नाही.

मग भिंगरी शाळेत जायला लागली आणि नव्या वाटेनं आपले रंग दाखवले. पोटात साठून राहायचं, आणि नको तेव्हा थोडं थोडं झिरपायचं. तिला कळायचंही नाही. शेजारी बसणाऱ्या मुलीला आधी कळायचं. ती मुलगी एकदा नाक धरून दुसऱ्या बाकावर गेली, मग त्या बाकावरची तिसरी मुलगीही गेली. भिंगरीनं घरी काही सांगितलं नाही. तिनं स्वतःच तोड काढली. शाळेच्या दिवशी सकाळी खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? पाच वर्षांच्या पोरीचं हे डोकं. आजींना ते कळलं तेव्हा त्यांनी तिला उचललं आणि थेट इस्पितळ गाठलं.

तिथल्या सिस्टरनी समजावून सांगितलं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कोमट पाणी, त्यात मोजून मीठ. किती ते इस्पितळ ठरवणार, आपलं आपण नाही. पाणी सावकाश आत सोडायचं, मग मुलीनं कमोडवर निवांत बसायचं. एकदा पोट रिकामं झालं की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कपडे कोरडे.

पहिल्या दिवशी मी न्हाणीघरातल्या खिळ्यावर चढलो. खिळा आजींनी स्वतः ठोकला होता, त्यांच्या हाताच्या उंचीला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटून भिंगरी घरी आली, तीच सकाळची चड्डी घालून. आजींनी ती कोरडी चड्डी परीक्षेचा निकाल दाखवावा तशी सुनेला, भिंगरीच्या आईला, दाखवली. सून बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची आणि दिवेलागण होऊन गेल्यावर यायची. ती तशीच उंबऱ्यावर बसली आणि ती चड्डी तोंडाशी धरून रडली. मी खिळ्यावरून वाट बघत होतो. आता कुणीतरी म्हणेल, वा रे डब्या. कुणी म्हणालं नाही. "सिस्टर किती हुशार," एवढंच सून म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता आजींच्या त्या खोट्याचं ऐका. घरात आल्यागेल्याला न्हाणीघरात मी दिसायचोच. कुणी भुवया उंचावल्या की आजी लगेच म्हणायच्या, "माझा आहे. म्हातारपण, दुसरं काय." झालं. जो येईल तो औषध सांगायचा. त्यांची एक बहीण एरंडेल घेऊन आली. शेजारच्या काकूंनी भिजवलेल्या मनुका आणल्या आणि समोर उभं राहून खायला लावल्या. आजी सगळं निमूट गिळायच्या. ज्यांचं पोट ठणठणीत, त्यांनी एरंडेल प्यायचं म्हणजे पुढे काय होतं ते तुम्हीच ओळखा. पण नातीचं नाव कधी त्यांच्या ओठांवर आलं नाही. सगळा वास त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला.

आणि संध्याकाळचा तो तास. काय सांगू तुम्हाला. भिंगरी आत बसलेली, दार लोटलेलं, आजी बाहेर पाटावर मटार सोलत. आतून बाहेर गप्पा.

"आजी, तू शाळेत का नाही गेलीस?"

"गेले होते. मास्तरांना माझे प्रश्न झेपेनात."

"खोटं."

"तू आतलं काम बघ, बाहेरच्या चौकशा नको."

पाढे त्या तासातच पाठ झाले, कविता पाठ झाल्या, अख्ख्या गल्लीची निंदानालस्ती झाली. हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. सून कारखान्यातून यायची आणि चपला काढायच्या आधी तशीच बोळकांडीत उभी राहायची. लेक आपली, हसणं मात्र सासूबरोबर. एकदा तिनं विचारलं, "आई, आज मी करते ना."

आजींनी तिचे हात हातात घेऊन पाहिले. "गार आहेत तुझे. पोर दचकेल."

सून हात पाठीमागे घेऊन आत गेली. मत्सर कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको. तिच्या पाठीवर तो मला स्वच्छ दिसला. पण खरं सांगू, मलाही तेव्हा बरंच वाटलं. त्या तासात तिसऱ्या कुणाला मला घ्यायचंच नव्हतं. आजींचे हात आणि मी. बाकीच्यांनी फोटो बघत बसावं.

आता भिंगरीला दर वर्षी दाखवायला नेऊ लागले होते. ती आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हापासून सिस्टर सांगायच्या, "आजी, आता तिला स्वतः करायला शिकवा. डबा तिच्या हाताला येईल असा टांगा." आजी मान डोलवायच्या. "हो हो, शिकवते." घरी आल्या की खिळा तिथेच आणि मीही तिथेच. भिंगरीनं एकदा पाटावर चढून माझ्याकडे हात केला तर आजी कडाडल्या, "माझ्या डब्याला हात लावायचा नाही." इतकी वर्षं लोकांना सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ते पटलं होतं.

भिंगरी तेरा वर्षांची झाली. धावायला लागली की मागे धूळसुद्धा उशिरा उठायची. शाळेत चौघींच्या शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा. एका सुट्टीच्या दिवशी खेळाच्या बाई घरी आल्या, गळ्यात शिट्टी तशीच. दुसऱ्या गावी पाच दिवसांचं शिबिर होतं, शेवटच्या दिवशी शर्यत. भिंगरी सोडून बाकी तिघींच्या घरून होकार आला होता.

आजींनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नकार दिला.

"नाही जमायचं, बाई. माझं पोट फार वाईट आहे. रोज संध्याकाळी तो डबा लागतो आणि तो द्यायला नात लागते. तिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "फार वर्षं त्रास आहे का? माझ्या आईलाही होता. तिला मी पपई—"

"पपई झाली. सगळं झालं."

भिंगरी दाराशी उभी होती. तिची आई तिच्या मागे. न्हाणीघराचं दार उघडं होतं, म्हणून मलाही सगळं दिसत होतं. भिंगरी म्हणाली, "बाई, डबा आजीचा नाहीये. माझा आहे."

"आत जा," आजी म्हणाल्या.

"नाही जात. बाई, मी जन्मले तेव्हा माझी ऑपरेशनं झालीत. मला आपोआप होत नाही. रोज संध्याकाळी पाणी घेऊन तासभर बसावं लागतं. ते आजी करते. आजीचं पोट एकदम उत्तम आहे."

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं, मग आजींकडे. मला वाटलं, आता नाक मुरडणार.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग संध्याकाळच्या सरावातून तुला तासभर आधी सोडते. तिथे गरम पाणी आहे. अजून काय लागतं?"

भिंगरीनं थोडा विचार केला. "एक खिळा."

मित्रांनो, 'माझा' असं मला तिनं पहिल्यांदा म्हटलं. तेही परक्या माणसासमोर, मान वर करून. त्या क्षणी तो चौकटीतला फोटो मला अगदी टिचभर दिसला.

बाई गेल्यावर आजी भडकल्या. "इतकी वर्षं लोकांची एरंडेलं प्यायले तुझ्यापायी. कुणाला कळू दिलं नाही. आणि तू दोन मिनिटांत सगळं चव्हाट्यावर मांडलंस."

"मी कुठे म्हणाले होते पी म्हणून?"

"तुझी लाज राखायला प्यायले."

"मला नव्हती वाटत लाज, आजी. तू इतकी लपवायला लागलीस म्हणून वाटायला लागली."

आजींनी बाईंचा रिकामा पेला उचलला आणि उगाच पुसायला घेतला.  सून मात्र आत गेली आणि हातोडी घेऊन आली. तिनं मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या खांद्याला बोट लावलं आणि तिथे नवा खिळा ठोकायला सुरुवात केली.

"भिंत खराब होईल," आजी म्हणाल्या.

"होऊ दे, आई."

मला वरून काढून खाली टांगलं. खरं म्हणजे माझा मान उतरला. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या डोक्यावर होतो, आता पोरीच्या खांद्याशी. पण तिच्या बोटांना माझी तोटी आली. तिनं ती उघडून बघितली, बंद करून बघितली. 

पहिल्या दिवशी पाणी जास्तच गार झालं आणि ती कळवळली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातून निसटलो, फरशीवर आदळलो आणि माझ्या काठाचा टवका उडाला. त्या आवाजासरशी आजी पाटावरून उठल्या. सुनेनं त्यांचा हात धरला.

"बसा, आई."

"अगं पडली असेल ती."

"डबा पडलाय. ती नाही. बसा."

आतून भिंगरी ओरडली, "कुणी येऊ नका." आजी बसल्या. त्यांच्या हातातल्या मटारच्या शेंगेचा पार चुरा झाला होता. सुनेनं त्यांचा हात सोडला नाही. थोड्या वेळानं आजी तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "एवढे काही गार नाहीत तुझे हात." शिबिराला जायची वेळ आली तोवर भिंगरी दार लावून, स्वतः पाणी बघून, स्वतः सगळं करून, मला धुऊन पालथा घालून बाहेर यायला लागली होती. आम्ही तिघं मागे उरलेले, म्हणजे आजी, सून आणि पालथा मी, एकमेकांकडे बघत राहायचो.

माझी तयारी झाली होती. प्रवास, नवं गाव, नवा खिळा. मी स्वतःला तिच्या पिशवीत बसलेला पाहत होतो. आणि निघायच्या आदल्या दिवशी सिस्टरनी ती सटवी दिली. मऊ, पारदर्शक, घडी केली की रुमालाएवढी होणारी पिशवी. नळी वगैरे सगळं तिच्यातच. वजन नाही, आवाज नाही, टवका उडायची भीती नाही. "प्रवासाला हीच बरी," सिस्टर म्हणाल्या. "तो डबा कुठे खणखणत नेतेस?"

गरज सरो, वैद्य मरो. ज्या पिशवीनं आयुष्यात एक थेंब पाणी सांभाळलं नव्हतं, ती मोज्यांच्या शेजारी ऐटीत बसून गेली. आणि मी खिळ्यावर कोरडा ठणठणीत.

पहिल्या संध्याकाळी ठरल्या वेळी आजींनी सवयीनं पाणी तापवलं. पातेलं घेऊन न्हाणीघरात आल्या आणि मग थांबल्या. मला बघितलं. "काय रे टवक्या," त्या म्हणाल्या, "आपल्याला कुणी बोलावलं नाही." मग त्यांनी त्या पाण्यानं उगाच माझं अंग धुतलं, पुसलं आणि पुन्हा टांगलं. त्या संध्याकाळी घर इतकं गप्प होतं की मटार सोलायलाही कुणी बसलं नाही. सून लवकर आली होती. बोळकांडीत उभं राहून ऐकायला काही नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला. सुनेनं तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"झालं का?" आजींनी पहिलं तेच विचारलं.

"काय झालं का?" भिंगरीनं विचारलं.

आजींनी फोनकडे असं बघितलं, जणू त्यातून कुणी परकंच बोलतंय. "अगं, काय म्हणजे? पाणी. पोट."

"अगं हो, ते कधीच झालं. काल पण झालं. आजी, ऐक ना, बाई म्हणतात मी सुरुवात अर्धा पाऊल आधी करते, आणि इथं एक मुलगी आहे ती झोपेत गाते—"

"खिळा मिळाला का?"

"खिडकीच्या गजाला अडकवते पिशवी. कडी मोडकी आहे न्हाणीघराची, म्हणून ती माझ्याआधी धावणारी आहे ना, ती दाराबाहेर उभी राहते."

आजींचा आवाज बारीक झाला. "तिला काय सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, लवकर आटप, मला पण जायचंय."

पलीकडे कुणीतरी हाक मारली आणि भिंगरी "ठेवते गं" म्हणून गेलीसुद्धा. सून हसत होती आणि डोळेही पुसत होती. आजींनी फोन उचलून पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "कोण कुठली फाटकी पोर. माझ्या जागेवर उभी राहते." त्यांच्या आवाजात जी आग होती ती मला ओळखीची होती. आम्ही एकाच भट्टीत भाजलेले. माझी जागा पिशवीनं घेतली, त्यांची त्या पोरीनं. आणि जिच्यासाठी आम्ही एवढे जळलो, तिला विचारलं तर ती म्हणते, "काय झालं का?" सगळ्या घराचा जीव ज्या एका तासावर टांगलेला असायचा, तो तिच्या दिवसात एवढासा होऊन गेला होता. तिला धावायचं होतं, सुरुवात सुधारायची होती, झोपेत गाणाऱ्या मुलीला हसायचं होतं.

मला ते अजून पचलेलं नाही. कुणी म्हणेल, हेच तर तुझं यश. असेल. तरी त्या पिशवीचं नाव निघालं की माझा टवका ठणकतो.

तर मित्रांनो, ऐकून घ्या. तुमच्या घरात एखाद्या बाळाचं ऑपरेशन झालं असेल, तर 'छान झालं' ऐकून घरी पळू नका. पुढचं वाक्यही ऐका आणि बोलावतील तेव्हा पुन्हा दाखवायला जा. मूल हाताशी आलं की त्याला त्याच्या अंगाचं सगळं शिकवा, मग तुमचा मान उतरला तरी चालेल. माझ्यासारखं कुणी घरात असेल तर वापरून झाल्यावर स्वच्छ धुवा, कोरडं करा, कोपऱ्यात गंजत टाकू नका. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी किंवा मुलगा आत जाऊन जास्त वेळ बसत असेल, जास्तीचे कपडे जवळ बाळगत असेल, तर नाक धरून दुसऱ्या बाकावर जाऊ नका. कडी मोडकी असेल तर दाराबाहेर उभे राहा. आजींना आणि मला तुमचा फार राग येईल. तो येऊ द्या. तुम्ही उभे राहा.